उताणी पडलेली टॅरँट्युला

पवईला राहणारी माझी एक मैत्रीण नवऱ्याच्या नोकरीमुळे कॅनडाला निघाली, तेव्हा तिच्या घरातल्या वस्तू आम्हा ओळखीच्यांत वाटल्या गेल्या. कोणाला मिक्सर मिळाला, कोणाला कुंड्या. मला मिळाला टॅरँट्युला. तळहाताएवढा, कुरळ्या तपकिरी केसांचा, मध्य अमेरिकेतल्या जातीचा कोळी, त्याच्या नोंदणीच्या कागदांसकट.

आम्ही दोघी कृत्रिम दात बनवणाऱ्या लॅबमध्ये शेजारी शेजारी बसायचो. जेवणाच्या सुट्टीत मी तिच्या फोनवर या कोळ्याचे फोटो बघत बसायचे, ते तिने हेरलं असणार.

"अगं, कुत्र्यासारखं फिरवायला नको, मांजरासारखं केस सोफ्यावर नाहीत," ती म्हणाली. "आठवड्याला एक झुरळ. तेही विकत मिळतं, घरातलं नको देऊस, त्यावर औषध मारलेलं असतं. नर आहे की मादी ते मला अजून कळलेलं नाही. बघ तू."

मुलुंडच्या आमच्या घरात तेव्हा मी, कामानिमित्त महिन्यातले पंधरा दिवस बाहेर असणारा नवरा आणि सासरे. सासरे मूळचे मालवणकडचे. कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभं राहून त्यांनी हयात काढली. काचेची पेटी मी पुस्तकांच्या कपाटावर ठेवली, तेव्हा त्यांनी चष्मा पुसून आत पाहिलं.

"ह्या कित्याक हाडलंस?"

"बघायला, बाबा."

ते पेपर घेऊन लांबच्या खुर्चीत जाऊन बसले.

पेटीत खाली नारळाचा काथ्या मिसळलेल्या मातीचा चार बोटं जाड थर, कोपऱ्यात अर्धी करवंटी, पाण्यासाठी बाटलीचं झाकण. कोळ्याने दोन दिवसांत करवंटीखाली खड्डा खणला आणि माती तोंडात धरून एकेक गोळी बाहेर आणून ठेवली. पाण्याचं झाकण रोज मातीने भरून टाकायचा. एकदा साफसफाई करताना मी घाई केली, तर त्याने मागच्या पायांनी पाठीवरचे केस झाडले. माझं मनगट दोन दिवस खाजत होतं.

मग त्याने खाणं बंद केलं. तीन आठवडे झुरळ पुढे सोडलं तरी ढुंकून बघेना. आणि एका रविवारी सकाळी चहा घेऊन पेटीपाशी गेले, तर तो उताणा पडलेला. आठही पाय वर. मैत्रिणीने विश्वासाने दिलेला जीव मी चार महिन्यांत मारला होता. मी झाकण उघडून हात घालणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"थांब गो! हात लाव नको."

सासरे खुर्चीतून उठून आले होते. "मरूक नाय तो. कात टाकता. कुर्ली टाकता तशी."

लहानपणी खाडीत खेकडे पकडताना त्यांनी हे कितीदा पाहिलं होतं. कवच आधी कुठून उकलतं, पाय कसे मोज्यातून निघाल्यासारखे निघतात, हे ते मला सांगत गेले आणि समोर तसंच घडत गेलं. पाठीवरची टोपी सुटली. पाय ओढला की थांबायचं, पुन्हा ओढायचं. आम्ही नाश्ता विसरलो. दुपारी शेजारी दोन कोळी होते, एक रिकामा आणि एक ओला, काळाभोर, पांढऱ्याशुभ्र सुळ्यांचा.

"आता तेका खावक देव नको," सासरे म्हणाले. "दात मऊ असतले. झुरळच तेका खायत."

मी दोन आठवडे थांबले. त्या दिवसापासून लांबची खुर्ची पेटीजवळ आली.

टाकलेली कात मी ओली करून उलगडली आणि लॅबमधल्या भिंगाखाली पोटाच्या आतली बाजू पाहिली. तिथे एक छोटी पिशवीसारखी घडी होती, म्हणजे मादी. घरी येऊन सांगितल्यावर सासऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मगे पोरां?"

नर बोरीवलीत सापडला. तिथले एक बँकेतले गृहस्थ असे कोळी वर्षानुवर्षं पाळतात. ते स्वतः डब्यात नर घेऊन आले. लांब पायांचा, सडपातळ, तोंडाजवळच्या दोन छोट्या पायांना टोकाशी मुष्टियोद्ध्याच्या हातमोज्यांसारखे फुगवटे. मादीच्या पेटीत सोडल्यावर तो जागीच थांबला आणि थरथरत पायांनी जमिनीवर ताल धरला. करवंटीखालून उत्तर आलं. टप टप टप. तिघंही कान देऊन ऐकत होतो.

"ती रागावली तर?" मी विचारलं.

"खाऊन टाकेल," गृहस्थ शांतपणे म्हणाले. "मध्ये घालायला तुमचा ब्रश तयार ठेवा."

दातांना पोर्सेलीन लावायचा माझा मऊ ब्रश हातात होता. मादी बाहेर आली, सुळे उघडले. नराने पुढच्या पायांवरच्या आकड्यांनी ते सुळे तिथेच अडकवून धरले आणि तिला उचललं. मिनिटभरात सगळं आटोपलं. मग तो असा काही उलटा पळाला की ब्रशची गरजच पडली नाही.

तीन महिन्यांनी मादीने अंड्यांची पांढरी पिशवी विणली, लाडवापेक्षा थोडी लहान. ती कवेत धरून दिवसातून कितीतरी वेळा फिरवायची. सासऱ्यांनी भिंग डोळ्याला लावून ती सगळ्या बाजूंनी न्याहाळली.

"शिवण खंयच दिसना नाय," ते पुटपुटले.

मादी कधी कधी पिशवीच खाऊन टाकते, म्हणून महिन्याने गृहस्थांच्या सांगण्यावरून मी लांब चिमट्याने ती काढून घेतली. मादी पाऊण दिवस काथ्या चाचपत फिरली. ते बघवेना. पिशवी कापल्यावर आत पाय फुटलेले पांढरे मणी हलत होते. सासऱ्यांनी बरणीवर मलमलीचं फडकं ताणून बांधून त्यांना झोळी करून दिली. साडेतीनशेपर्यंत मोजले आणि मोजणं सोडलं. बरेच गेले. जगले ते दोनदा कात टाकून मुंगीएवढे कोळी झाले, तेव्हा बहुतेक बोरीवलीला पोचवले, त्यांच्या कागदांची सोय गृहस्थांनी केली. बारा आम्ही ठेवले, होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्यांत, बुचाला सुईने भोकं पाडून.

बाटल्यांवर तारखा लिहायचं काम सासऱ्यांनी घेतलं. परवा लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "मादी निघाली तर किती जगतली गो?"

"वीस वर्षं तरी."

पेन थांबलं. त्यांना आता अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे.

"मगे पुढचा तूच बघ," ते म्हणाले आणि बाटली उजेडात धरून आतल्या ठिपक्याने झुरळाचा पाय खाल्ला की नाही, ते तपासू लागले.