दोन अक्षरांचा फरक

दुपारचे तीन वाजत आलेत. प्रयोगशाळेतला संगणक जंतूंची वंशावळ पुन्हा एकदा जुळवत बसलाय आणि त्याच्या पंख्याची घरघर ऐकता ऐकता डॉ. हेमांगी शेवडेचं डोकं टेबलावर कधी टेकतं, तिचं तिलाच कळत नाही. डोळे मिटलेत, पण पडद्यावरच्या रेघा अजून दिसताहेत. एका फांदीच्या टोकाला म्हैस, दुसरीच्या टोकाला माणूस. फांद्या इतक्या लगत, की मधे नखही शिरू नये.

"मॅडम, यातला मी कुठला?"

सत्याप्पा चौगुले तिच्या खुर्चीमागे उभा आहे. जनावरांच्या दवाखान्यातला परिचर. नऊ वर्षं तिच्याबरोबर गावोगाव नमुने गोळा करत हिंडला आणि गेल्या भाद्रपदात वारला. झोपेतही हे तिला पक्कं ठाऊक आहे. तरी ती सरकून त्याला जागा देते.

"हा." ती बोट ठेवते. "तुमच्या रक्तात सापडलेला."

"आनि ह्यो शेजारचा?"

"शेट्यांच्या म्हशीचा."

"फरक किती?"

"दोन अक्षरं. जंतूच्या जनुकांतल्या तेहतीस लाख अक्षरांत दोन."

सत्याप्पा हसतो. "मंजे म्हशीतनं माझ्यात येताना त्येला कायबी बदलायला लागलं न्हाई. मी म्हैस न्हाई, ह्ये त्येला कळलं तरी का?"

"नसेल कळलं. या ब्रुसेला जंतूंचे पूर्वज मातीत राहायचे, सत्याप्पा. मग जनावरांच्या अंगात शिरले. आत सगळं आयतं मिळायला लागल्यावर नको असलेली जनुकं एकेक करून टाकत गेले. आता रक्तामांसाबाहेर त्यांचं फारसं निभत नाही. रक्त कुणाचं, ते…"

"ह्ये तुमी लई चांगलं सांगता," तो मधेच म्हणतो. "पन माझ्यात आला कसा, त्ये सांगा."

उत्तर टाळायला हेमांगी उठते आणि नमुन्यांच्या फ्रीजचं दार उघडते. आतून शेणमुताची ऊब अंगावर येते. आत शेट्यांचा गोठा आहे. म्हशीनं सातव्या महिन्यात गाभ टाकलाय आणि वार पोटातच अडकलीय. लांब हातमोज्यांचा डबा जीपमध्ये राहिलाय, जीप ओढ्यापलीकडे.

"जाऊन आनतो, मॅडम. पंधरा मिनटं."

"राहू द्या. नमुना ताजा हवा. घाला हात, काही होत नाही."

हे बोलणारा आवाज तिचाच आहे. सत्याप्पाच्या अंगठ्यावर विळ्यानं कापल्याची ओली खूण आहे. तिला ती दिसते. तेव्हाही दिसली होती.

गोठ्याची मागची भिंत संपते तिथे दवाखान्याची खाट आहे. सत्याप्पा तीवर घोंगडं पांघरून बसलाय, कपाळ घामानं डबडबलेलं.

"रोज संध्याकाळी ताप चढतोय, मॅडम. कंबर धरतीया."

"बदलत्या हवेचा असेल."

हीच लक्षणं ती दर वर्षी वर्गात फळ्यावर लिहून देते. पण आजाराचं नाव घेतलं असतं, तर त्या दिवसाचंही घ्यावं लागलं असतं. म्हणून हवा. आठ महिने हवाच. शेवटी जंतू हृदयाच्या झडपेवर जाऊन बसला, तेव्हा कुठे रक्त तिच्याच प्रयोगशाळेत तपासायला आलं.

"आमची सावित्रा शेळीला दोष देतीया," सत्याप्पा म्हणतो. "कच्चं दूध मीच पाजलं, म्हनती. शेळी खाटकाला दिली. आता कुनाच्या दारात दुधाचा च्यासुदिक घेत न्हाई. तुमी कागदात काय लिवलंय?"

हेमांगीला पाठ आहे. "संसर्गाचा उगम निश्चित सांगता येत नाही. रुग्णाच्या घरी शेळीचं कच्चं दूध पिण्यात येत असे."

"आनि शेळीचा जंतू?"

"तो सहसा वेगळ्या फांदीवरचा असतो. बराच लांब."

"कवापासनं ठावं हाय?"

"चार महिने."

तो रागावत नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. नुसता खाटेवर सरकून वाट करून देतो. पलीकडे म्हैस तशीच उभी आहे.

"मग आता तुमी घाला हात."

ती घालते. खांद्यापर्यंत. आत ऊन ऊन अंधार आहे आणि त्या अंधारात तिच्या बोटांना दुसरी बोटं लागतात. तापानं फणफणलेली. ती घट्ट मिटतात.

हेमांगी दचकून जागी होते. खिडकीत लख्ख ऊन आहे. पडद्यावर वंशावळ पुरी झालीय. म्हैस आणि माणूस जिथल्या तिथे. तिच्या उजव्या हाताची बाही मात्र खांद्यापर्यंत चढलेली आहे, घडीवर घडी, घट्ट. तिनं ती चढवलेली नाही. दुसऱ्या बाहीचं बटण मनगटाशी लावलेलंच आहे.

ती बाही खाली ओढत नाही. तशीच फोन लावते.

"सावित्रावहिनी, मी हेमांगी मॅडम बोलतेय. शेळीचा दोष नव्हता. तुमचाही नव्हता. म्हशीची वार काढताना लागण झाली त्यांना."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज येतो.

"आसं कसं? घरची शेळी व्याली तरी हाताला पिशवी बांधायचे त्ये," सावित्रा म्हणते. "मोकळा हात न्हाईत घालायचे. कुनी घालायला लावला?"

"मी," हेमांगी म्हणते.