रणगाड्यावरचा चिखल

माझे वडील लष्कराच्या एका वर्कशॉपात दुरुस्त झालेल्या गाड्या तपासायचे. दोष काढण्याचा त्यांना पगार मिळे, घरी ते हेच काम फुकट करत. माझी दहावीची गुणपत्रिका, पहिली स्कूटर, मी पसंत केलेली मुलगी, सगळे त्यांनी चष्मा कपाळावर चढवून निरखले आणि ‘ठीक आहे’ म्हणाले. पुढे त्या मुलीनेही मला तपासायची पद्धत त्यांच्याकडूनच उचलली.

त्यामुळे पंचेचाळिशीत मी रणगाड्याचे मॉडेल करायला घेतले, तेव्हा ‘छंद’ हे लोकांना सांगायचे कारण होते. त्यांनी आयुष्यभर तपासला तोच रणगाडा, पस्तीसपट लहान. तो पाहून त्यांनी एकदा तरी ‘छान’ म्हणावे, एवढ्यासाठी हा खटाटोप होता.

धायरीतल्या आमच्या फ्लॅटमधले डायनिंग टेबल पाच महिने लष्कराच्या ताब्यात गेले. आम्ही मांडीवर ताटे घेऊन जेवलो. रणगाड्याच्या चाकांवरून फिरणाऱ्या पट्ट्याची एकेक कडी तांदळाच्या दाण्याएवढी. ती चिमट्याने धरायची, घासायची, चिकटवायची. एक कडी फ्रीजखाली गेली तेव्हा मी फ्रीज हलवला, जो दिवाळीच्या सफाईलाही मी कधी हलवला नव्हता.

सगळ्यात कठीण काम शेवटचे: नवाकोरा रंगवलेला रणगाडा वापरून जुना झालेला दाखवायचा. समोरच्या बांधकामावरची माती मी चहाच्या गाळणीने चाळून आणली, तेलरंगात कालवली, गंजाचे ओघळ काढले. यात तीन आठवडे गेले.

“घरातली धूळ पुसायला सांगितलं की पाठ दुखते,” बायको म्हणाली, “आणि याला धूळ लावायला वेळ आहे.”

रविवारी सदाशिव पेठेतल्या एका हॉलमध्ये अशा मॉडेलांची स्पर्धा होती. शनिवारी संध्याकाळी मी मॉडेल न्यायला खोका घेऊन आलो, तर वडील टेबलाशी बसलेले. हातात जुन्या बनियनचा तुकडा, शेजारी टर्पेंटाइनची वाटी आणि कान कोरायच्या काड्या. रणगाडा लख्ख हिरवा. चाकांना शिलाई मशीनचे तेलही घातले होते.

“बाबा, हे काय केलंत?”

“धुतला. मळलेली गाडी मी तपासत नाही. चिखलाखाली चीर असली तर दिसत नाही.”

“तो चिखल मी लावला होता.”

“ते दिसलंच. म्हणून तुला काही बोललो नाही.”

मी इतका भडकलो की तपासणीत काय निघाले हे विचारलेसुद्धा नाही. रात्री जेवलो नाही. सकाळी जायचा विचारच सोडला होता, पण वडील इस्त्रीचा शर्ट घालून, खोका मांडीवर घेऊन दाराशी बसलेले.

हॉलमध्ये बाकीचे रणगाडे चिखलाने माखलेले होते, त्यात आमचा शोरूममधून आल्यासारखा. परीक्षक तिशीतला तरुण होता. तो वाकून म्हणाला, “काका, बिल्ड क्लीन आहे, पण वेदरिंग मिसिंग आहे, धूळ नाही, गंज नाही. रिअल वाटत नाही.”

“तुम्ही खरा पाहिलाय?” वडिलांनी विचारले.

“फोटो भरपूर पाहिलेत.”

“मग फोटोंची स्पर्धा घ्या ना.”

तो बिचारा कसनुसा हसला आणि वहीत काहीतरी लिहू लागला. वडिलांनी चष्मा कपाळावरून खाली आणला. कामावर सही करण्याआधी बोलत असावेत, तशा आवाजात ते त्याला म्हणाले, “अहो, लिहून घ्या. काल चार तास बघितला मी हा. एकेक कडी मोजली. एक दोष सापडला नाही. इतकं छान काम मी नोकरीत फार थोड्या वेळा पाहिलं.”

त्याने ते लिहिले नाही. मी त्यांच्या मागेच उभा होतो, पण ते वळले नाहीत, आणि बरेच झाले, कारण माझे डोळे भरून आले होते.