दत्तूमामांच्या साजातला मळ

हसणार असाल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मला सांगताना लाज कमी वाटंल!

गोष्ट सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची. मी हुपरीचा, चांदीची पैंजणं घडवणारा. कोल्हापुरात नवीन बिऱ्हाड केलं आणि एकच ध्यास घेतला, हातानं दागिने घडवणाऱ्या कारागिरांच्या मंडळात शिरायचं. मंडळाचा माणूस म्हटलं की गिऱ्हाईक डोळे झाकून काम देतंय. पण तिथं एक रीत होती. नव्या माणसानं आधी एखाद्या थोरल्या कारागिराचा दागिना साफ करून आणायचा. पसंत पडला तरच सभासद!

मला दागिना आला तो दत्तूमामांचा. मंडळातले सगळ्यात थोरले. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनी मामींसाठी घडवलेला सोन्याचा साज, आता लेकीच्या गळ्यात घालायचा होता.

"सुमीचं लगीन रविवारी हाय, बाळ. जपून."

"काळजीच करू नका की मामा! हयात गेली माझी पैंजणं धुण्यात."

वय माझं सव्वीस. हयात कसली डोंबलाची!

घरी आलो, रिठ्याचं पाणी उकळलं आणि पैंजणं सोडतो तसा साज त्यात सोडला. पाच मिनिटांत मण्यांतनं तांबूस, चिकट काहीतरी बाहेर यायला लागलं.

"शालन, बघ गं! केवढा मळ!"

बायकोनं पातेल्यात वाकून बघितलं. "सोन्याला एवढा मळ असतोय व्हय?"

"पंचवीस वर्षांचा हाय त्यो!"

"मला काय बरं दिसंना. मामास्नी विचारून तरी या."

"कारागीर तू हाईस का मी?"

बायकोचं ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं, सांगा? पण न्हाय! मी जाळ वाढवला. मग ब्रश घेऊन घासायला बसलो, तर एक मणी बोटाखाली चेपला. म्हटलं, मळानंच फुगलेला असणार! साज हातात घेतला तर एकदम हलका. मी खूश. एवढंच न्हाय, पुरावा म्हणून तो मळ पुडीत बांधून घेतला.

दुसऱ्या दिवशी मामांच्या घरी गेलो. आधी पुडी पुढं केली.

"मामा, साजातनं एवढा मळ काढलाय. मामीस्नी सांगू नका, वाईट वाटंल."

मामांनी पुडी सोडली, वास घेतला. मग साज तळहातावर घेऊन त्याचं वजन जोखलं.

"पावणं," ते म्हणाले. कालचं 'बाळ' कुठं गेलं कुणास ठाऊक! "ही लाख हाय."

"कसली लाख?"

"साजाचा पत्रा कागदागत पातळ. आत लाख भरल्याबिगर मणी आकार धरत न्हाय. ती मी भरलीती. तुम्ही साजाची आतडी काढून आणलीसा!"

दारात सुमी उभी होती. तिचा चेहरा एवढाएवढासा झाला. "बाबा, मग रविवारी मी काय घालू?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. रडायलाच आलं. "मामा, चुकलं..."

"रडू नगंस. शेगडी पेटीव!"

चार दिवस मी लाख तापवत होतो आणि मामा एकेक मणी उकलून, भरून, परत जुळवत होते. रविवारी सुमीच्या गळ्यात साज बघितला तेव्हा कुठं मी पंगतीला बसलो.

पुढच्या बैठकीत माझं नाव निघालं. मी मान खाली घालून बसलेलो. मामा उठले.

"घ्या त्याला. साजाच्या पोटात काय असतंय ते एवढं स्वच्छ करून दावणारा दुसरा कारागीर माझ्या बघण्यात न्हाय."

झालो सभासद! आज मंडळात मी बऱ्यापैकी जुना. पण मला उकळतं पाणी द्यायचं न्हाय, असा ठरावच हाय तिथं. सगळ्यांना वाफाळता चहा मिळतो, माझ्यापुढं मात्र कप येतो तो गार करूनच!