लागू नसेल ते खोडावे

एकसष्ट टक्के.

पडद्यावरची निळी पट्टी एकसष्टावर येऊन बसली आहे. हलत नाही. तिच्याकडे बघता बघता हेमलता पाटणेच्या पापण्या जड होताहेत. दुपारचे तीन वाजलेत. खोली म्हणजे विभागाची जुनी अडगळ. आवाज घुमू नये म्हणून चारी भिंतींना गोधड्या टांगल्या आहेत, उकिडवे सरांच्या बायकोने शिवलेल्या. या गोधड्यांच्या आत बसून सरांनी आणि हेमलताने विमागणिताचा अभ्यासक्रम उभा केला. माणसं कोणत्या वयाला किती उरतात, त्यावर विमा आणि पेन्शन कसं बेततात, हे सगळं मराठीत, इंटरनेटवर, कुणालाही फुकट. पहिले नऊ धडे सरांनी शिकवले. सर जाऊन चौदा महिने झाले. आज पाच वाजता ते नऊ धडेही जाणार आहेत, म्हणून ती ते उतरवून घेते आहे. निदान आपल्यापाशी तरी राहावेत.

विद्यापीठाच्या ऑनलाइन कक्षाचं पत्र आलंय. वक्त्याने दर तीन वर्षांनी संमतीपत्रावर स्वहस्ते सही करणं बंधनकारक. सही नसल्यास धडे काढले जातील. सकाळी ती कक्षात जाऊन आली. तिथल्या साहेबांनी चहा विचारला, खुर्ची दिली आणि अगदी मऊ आवाजात सांगितलं की वक्त्यांची सही आणा. ती म्हणाली, वक्ते वारले. ते म्हणाले, हो, पण सही लागेल. तिने विचारलं, मेलेल्या माणसाची? ते म्हणाले, मॅडम, नियमात तसा रकानाच नाही.

रकानाच नाही! ज्या अभ्यासक्रमात पहिल्या धड्यापासून मरण मोजतात, त्याच्या कागदावर मास्तर मरायला जागा नाही. कोरं संमतीपत्र हाताखाली आहे. त्यावर तिने सरांचं नाव तेवढं लिहिलंय. गाल कागदाला टेकतो. झोप लागतेय असं तिला वाटत नाही, गोधडी जरा जवळ आल्यासारखी वाटते इतकंच.

बासष्ट.

गोधडी बाजूला सारली की पलीकडे बँक आहे. नोव्हेंबर असावा, कारण हयातीच्या दाखल्याची रांग लागलीय. काठ्या, मफलर, प्लास्टिकच्या पिशव्यांतली पासबुकं. रांगेत सातवे उकिडवे सर. बुशकोट, खिशात जांभळी कॉपिंग पेन्सिल, तीच ती, जिचं टोक ते जिभेला लावून लिहायचे आणि दिवसभर खालचा ओठ जांभळा ठेवून हिंडायचे.

"सर, तुम्ही इथे कसे?"

"उभा आहे. अंगठा लागत नाही म्हणतात. चौदा महिने उभा आहे आणि यंत्र म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा."

"पण सर, तुम्ही तर..."

"ते मला ठाऊक आहे. यंत्राला कुणी सांगायचं?"

ती कागद पुढे करते. एक सही करा, सर. पाचच्या आत पोचवायचंय. नाहीतर उदगीरची तबस्सुम पटेल सहाव्या धड्यावर आहे, तिला उद्या सातवा उघडणार नाही. सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे ती, दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात फोनवर धडे बघते. तिच्यासारखे हजारो आहेत. सर कागद घेतात, लांब धरून वाचतात आणि परत देतात.

"नाही करणार."

हेमलताला ऐकू आलंय, पण कळत नाही.

"अहो बाई," सर म्हणतात. सर तिला एरवी अगं-तुगं करतात. अहो बाई म्हटलं की समजायचं, चुकलंय. "सातवा धडा तसाच ठेवलात ना?"

चाळीस.

बँकेला जिना आहे. तो आधी नव्हता. प्रत्येक पायरीवर वयाचा आकडा रंगवलाय, आणि प्रत्येक पायरीवर माणसं उभी आहेत. खाली शून्यावर एक लाख. तिथे तान्ह्यांचा गलका. वर जावं तशी गर्दी विरळ होत जाते. आयुर्मानाचं कोष्टक आहे हे. हेमलताने ते इतक्यांदा फळ्यावर लिहिलंय की चढायला कठडा लागत नाही. चाळिसाव्या पायरीवर त्र्याण्णव हजार माणसं आहेत आणि त्यांच्यात कडेला फतकल मारून सरूबाई बसलीय.

सरूबाई म्हणजे सातव्या धड्यातलं उदाहरण. सरांनी रचलेली बाई. चादरी विणते, वय चाळीस. ती साठीपर्यंत जगेल याची शक्यता किती, एवढाच प्रश्न. साठाव्या पायरीवर उरतात एकोणऐंशी हजार पन्नास. त्यांना भागायचं चाळिसाच्या पायरीवरच्या त्र्याण्णव हजारांनी. शंभरात पंच्याऐंशी. धड्यात मात्र सरांनी भागलंय एक लाखाने, आणि उत्तर सांगितलंय शंभरात एकोणऐंशी.

सरूबाई हेमलताला ओळखते.

"मला कुठनं मोजता वो तुमी?" ती विचारते. "म्या हितवर चढून आले. खाली जी सात हजार गेली ती माझ्याआधी गेली, बिचारी. ती माझ्या डोक्यावर कशापायी?"

हेमलता म्हणते की सरांच्या तोंडून चुकून गेलं.

"त्यांचं गेलं. तुमी काय करत व्हता?"

सर एक पायरी खाली उभे आहेत. चेहरा तापलाय. जिवंतपणी त्यांना असं तापलेलं तिने दोनदाच पाहिलं होतं, आणि दोन्ही वेळा चूक आकड्यांची होती, माणसाची नाही.

"शंभरातल्या सहा सरूबाया," ते म्हणतात, "मी मारल्या. घसा बसला होता, ताप होता, बाराव्यांदा तोच धडा रेकॉर्ड करत होतो. ठीक आहे, मारल्या. पण त्या पुरल्या कुणी?"

मग तेच वाचून दाखवतात, जिन्याच्या कठड्यावरच लिहिलंय सगळं. चर्चेच्या पानावर अकरा जणांनी विचारलं होतं, छेदात एक लाख कसे? अकराही वेळा खाली उत्तर आहे: सरांनी समजायला सोपं व्हावं म्हणून तसं घेतलं आहे. सही, हे. पाटणे.

"सोपं व्हावं म्हणून!" सर म्हणतात. "अगं, चाळीस वर्षं मी आकडे केले. मेल्यावर तू मला बावळट ठरवलंस. तेही आदराने."

तेहतीस. नाही, तो आकडा पट्टीचा नाही. ती सातव्या धड्याच्या तेहतिसाव्या मिनिटाला आहे.

गोधड्यांची खोली. कॅमेऱ्याचा लाल दिवा. सर फळ्यापाशी उभे आहेत, खोकला दाबत. हेमलता कॅमेऱ्यामागे स्टुलावर बसलीय, दर धड्यात बसायची तशी. विद्यार्थी पुढ्यात नाहीत, म्हणून विद्यार्थ्यांचे प्रश्न तिने मागून विचारायचे अशी पद्धत पडली होती. "सर, हे पुन्हा सांगाल?" "सर, हा आकडा कुठून आला?" तिचा चेहरा कुठे नाही, आवाज मात्र सगळीकडे.

फळ्यावर सर लिहितात, भागिले एक लाख. खडू थांबतो. एक क्षण ते वळून कॅमेऱ्यामागे बघतात. प्रश्नाची वाट बघतात.

स्टुलावरची हेमलता गप्प आहे.

"इथे," सर तिच्या शेजारी उभे राहून म्हणतात. आता खोलीत ते दोन आहेत, फळ्यापाशी एक आणि तिच्याजवळ एक. "इथे तू बोलायला हवं होतंस."

"मला दिसली होती चूक."

"माहीत आहे."

"तुम्हाला उभं राहवत नव्हतं, सर. तेरावं रेकॉर्डिंग करा म्हणून कोणत्या तोंडाने सांगणार होते?"

"मग मी गेल्यावर?"

"गेल्यावर त्याला हात लावावासा वाटला नाही."

फळ्यापाशीच्या सरांना पुन्हा खोकला येतो. शेजारचे सर तिकडे बघतात आणि त्यांचा आवाज किंचित उतरतो, राग नाही.

"खोडायचं कसं, हे तुला शिकवलंय मी. रबर नाही, शाई ओतणं नाही. एक सरळ रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. बरोबर आकडा वर, आणि बाजूला खोडणाऱ्याची आद्याक्षरं. चुकलेलं लपवत नाही आपण. आपण हिशेबवाली माणसं, सोवळ्यातली नव्हे."

ती मान डोलावते. आणि मग, कारण पाच वाजायचे आहेत आणि ती एका कामासाठी आलीय, पुन्हा कागद पुढे करते. सातवा दुरुस्त करते, सर. आजच करते. पण सही?

"मेलेल्याची सही चालत नाही. त्यांचा तेवढा नियम बरोबर आहे," सर म्हणतात. "नववा धडा काय सांगतो?"

नववा धडा जोडप्याच्या विम्याचा. दोघांच्या नावाने एक करार, आणि दोघांतला शेवटचा जाईपर्यंत तो चालू.

"नऊच्या नऊ धड्यांत प्रश्न कोण विचारतं? तीन वर्षांपूर्वी हाच कागद भरताना मी काय म्हटलं होतं?"

ते तिला आठवतं, आणि त्या आठवणीने कान तापतात. कागदावर छापलेलं होतं: वक्ते एक / अनेक, लागू नसेल ते खोडावे. सर म्हणाले होते, 'एक' खोड, तूही बोलतेस. ती हसून म्हणाली होती, मी काय, मागून चार प्रश्न विचारते. आणि तिने 'अनेक' खोडलं होतं. चांगलं काळंभोर, खालचं काही दिसू नये असं.

"आदराने," सर म्हणतात.

ते पेन्सिलीचं टोक जिभेला लावतात. बँकेतून कुणीतरी हाक मारतं, उकिडवे, सात नंबर, अंगठा आणा.

"येतो म्हणावं," सर म्हणतात. "आधी हे."

शंभर.

मान आखडलीय. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं. पट्टी पूर्ण निळी झालीय आणि गोधड्या भिंतींवर आहेत तिथेच आहेत. संमतीपत्र गालाला चिकटलंय. ती ते सोडवते.

वक्ते एक / अनेक. 'एक'वर एक रेघ. सरळ, हात न थरथरता मारलेली, खालचं सहज वाचता येईल अशी. जांभळी. बाजूला सरांची बारीक आद्याक्षरं, द. स. उ.

हेमलता टेबलाचे खण उघडून बघते. निळी पेनं, लाल पेनं, खडू. कॉपिंग पेन्सिल नाही. ती विभागात आता कुणीच वापरत नाही. ती आरशाच्या तुकड्यात आपला खालचा ओठही पाहून घेते. स्वच्छ आहे.

सरांच्या नावाखाली ती आपलं नाव लिहिते आणि सही करते. कक्ष दोन मजले खाली आहे. साहेबांना नववा धडा उभ्या उभ्या समजावून सांगावा लागला तरी पंधरा मिनिटं पुरतील. म्हणजे हातात अर्धा तास आहे.

कागद बाजूला ठेवून ती कॅमेऱ्यामागचं स्टूल ओढते, माइक चालू करते आणि सातवा धडा लावते. तेहतिसाव्या मिनिटाला पडद्यावर सर फळ्यावर लिहितात, भागिले एक लाख. खडू थांबतो. ते वळून बघतात.

"थांबा सर," ती म्हणते. "छेद चुकतोय."