मामींच्या शेगडीशेजारचे कागदखाऊ

ताईचे जंतू कागद खात. गाईच्या पोटातून आलेले, गवतापाल्यातलं सेल्युलोज पचवणारे आणि हवा लागली की मरणारे. अड्यारच्या प्रयोगशाळेत ती त्यांना घट्ट बंद नळीत, द्रवात बुडवलेल्या गाळणकागदाच्या पट्टीवर वाढवायची. पट्टी आपोआप तुटली की समजायचं, जंतू कामाला लागले. बाकी नळ्या वाया गेल्या होत्या. उरलेल्या एकीतली पट्टी सोमवारी सरांना तुटलेली दाखवता आली नाही, तर ताईला संशोधनाचा विषय सोडावा लागणार होता.

बाबा बँकेच्या युनियनमध्ये. मी अक्षरं शिकले तीच पत्रकांवर, आणि कॉलेजात पोचेपर्यंत स्वतः पत्रकं लिहू लागले होते. ताईच्या जंतूंना मी 'अंधारात राबणारा वर्ग' म्हणायची. एकदा तिने माझ्या पत्रकाची पट्टी कापून नळीत घातली. जंतूंनी तिला तोंडही लावलं नाही.

"स्वस्त कागद त्यांना पचत नाही," ताई म्हणाली. "मजकुराचं मला माहीत नाही."

त्या शनिवारी प्रयोगशाळेतली ऊब देणारी पेटी बंद पडली. ताईने नळी कोमट पाण्याच्या थर्मासमध्ये घालून नुंगंबाक्कमला घरी आणली. खाली आमच्या घरमालकीण मामी राहायच्या, तंजावरकडच्या मराठी. इडलीचं पीठ फुगवायचा त्यांच्या शेगडीशेजारचा कोपरा सगळ्या घरात उबदार. नळी तिथे एका पातेल्यात उभी राहिली.

रविवारी सकाळी पाहिलं तर वरचा द्रव गुलाबी झालेला. हवा आत गेल्याची ती खूण.

"मामी, हिला कुणी हात लावला?"

"मीच की. आत बुडबुडे येत होते गं. इडलीचं मावु फुगताना झाकण घट्ट ठेवलं तर डबा उडतो, हे तर काच. थोडं सैल केलं, इतकंच."

ताई फरशीवरच बसली. मी मात्र उभी राहून विज्ञान, अज्ञान आणि समाज यांवर बोलू लागले. मामींनी तोवर कॉफीसाठी दूध शेगडीवर ठेवलं.

"सेरि, बरं," त्या म्हणाल्या. "ह्याचं पत्रक काढ. आधी तिला कापी आणून दे."

ताईने झाकण घट्ट केलं. आता वाट पाहण्यापलीकडे काही करता येण्यासारखं नव्हतं. गुलाबी रंग वरच होता. तळाशी कागदाला चिकटलेल्यांपर्यंत हवा पोचली नसेल, एवढीच आशा. मामींनी इडलीचं पीठ ओसरीवर हलवलं आणि दिवसभर पातेल्यातलं पाणी बदलत राहिल्या. तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाहावं तसं कोपर बुडवून पाहायच्या. संध्याकाळी गुलाबी छटा फिकट होत गेली.

सोमवारी सकाळी आम्ही तिघी पातेल्याभोवती उभ्या होतो. पट्टी मधोमध वाकली, आणि तिचा खालचा तुकडा अगदी सावकाश तळाशी जाऊन बसला.

ताईचे हात इतके कापू लागले की नळी माझ्याकडे आली. बसमध्ये ती सरळ धरायची होती. हिसका बसून कागदाचे आणखी तुकडे झाले असते, तर पट्टी जंतूंनी तोडली हे सरांना पटलं नसतं.

"आणि बोलायचं नाही," ताई म्हणाली. "हात हलवल्याशिवाय तुला बोलता येत नाही."

बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, नळीत काय आहे. सांगण्यासारखं खूप होतं. मी अड्यार येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.