पारिजातकाभोवतीचा वळसा

गवत कापणारा आमचा रोबो रोज सकाळी अंगणाच्या मधोमध यायचा, थबकायचा आणि वळसा घालून पुढे जायचा. तिथे वाढलेल्या गवताशिवाय काहीच नव्हतं.

पूर्वी तिथे पारिजातक होता. रोबो जी ओलांडत नाही ती हद्दीची तार मी जमिनीत पुरत होतो, तेव्हा आई काठी टेकत आली. "अरे, झाडाखाली नको येऊ देऊस त्याला. पडलेली फुलं चिरडली तर देवाला काय वाहू?" मग तिनेच काठीने गोल आखला आणि मी त्यावरून तार फिरवली.

आई गेली. पुढच्या पावसाळ्यात झाडही उन्मळून पडलं. बायको म्हणायची, "अहो, काढा ना ती तार. कसं रान माजलंय!" दर रविवारी जुन्या टूथब्रशने रोबोची पाती साफ करताना मला वाटायचं, त्याला तिथे कुणीतरी फुलं वेचायला वाकलेलं दिसत असेल.

अखेर गेल्या रविवारी तार उकरून काढली. रोबो आता सरळ जातो.

आज सकाळी फाटक वाजलं म्हणून घाईने अंगणातून गेलो. परतताना दवाने भिजलेल्या हिरवळीवर माझीच पावलं दिसली. मधोमध येऊन ती वळसा घालून गेली होती.