हात न लावायचे पैसे

शेळीच्या पाठीवर पाइपचा पहिला तडाखा बसला तेव्हा मी गाडीतून डबे काढत होते. सतरंजी झटकल्यासारखा आवाज आला. दुसऱ्या तडाख्याला ती ओरडली.

शुक्रवारी आम्ही अल दुहैलहून कतारच्या उत्तर टोकाला, मदिनत अश शमालच्या पुढे, काकांच्या शेतावर जायचो. शेत काकांचं नव्हतं. पप्पांचे हे चुलतभाऊ तिथे राखणदार होते. मालक कतारी, त्याला सगळे अरबाब म्हणत. शेताचा मागचा तुकडा कुंपण घालून तसाच सोडल्याबद्दल सरकार अरबाबला पैसे देत होतं. आत नांगर नाही, खोदकाम नाही, जनावर नाही. रानबोरी आपोआप परत येऊ द्यायच्या.

"हात न लावायचे पैसे," काका म्हणत. "आपल्याकडं असली स्कीम असती तर तुझा आजा करोडपती झाला असता. जन्मात कशाला हात लावला न्हाई."

पण तपासणीत एक जरी बोर खाल्लेली दिसली, तर अरबाबचे पैसे बंद आणि राखणदार घरी, असं ठरलेलं होतं. आणि तारेखालून आत शिरलेली शेळी काकांचीच होती. बाटलीने दूध पाजून वाढवलेली. गाभण.

मारणारा, शेतावरचा ड्रायव्हर बीडहून नुकताच आला होता. शेळीचा मागचा पाय मोडून लोंबत होता, तरी तो थांबेना.

"आरं, हाकल तिला! मारू नगंस!" काका पंपाकडून अनवाणी धावत आले.

तेवढ्यात अरबाबची गाडी आली. तो दोन्ही हात वर करून ओरडत उतरला, "खलास! खलास!"

शाळेत आमच्या अरबीच्या टीचर रोज हेच ओरडायच्या. पुरे, थांबा. ड्रायव्हरला मात्र गावाकडचा खलास माहीत होता. त्याने मालकाकडे बघून मान हलवली आणि पाइप शेळीच्या डोक्यात घातला. मग पुन्हा घातला. बोरीच्या कोवळ्या पानांवर रक्त उडालं.

अरबाब माझ्याशी इंग्रजीत बोलला. "मी थांब म्हणालो, तरी याने का मारलं? विचार त्याला."

मी हळू आवाजात विचारलं.

"त्यांनीच तर म्हणले, खलास," ड्रायव्हर म्हणाला. "मालकाचं नाही ऐकायचं तर कोणाचं?" शाबासकी मिळेल असा त्याचा चेहरा होता.

उत्तराची वाट न बघता अरबाब म्हणाला, "हा उद्या माणसाला मारेल. याला परत पाठवतो."

काकांना तेवढं इंग्रजी कळत होतं. शेळीचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. मान वर न करता ते म्हणाले, "पोरी, सांग त्याला, मीच मारायला लावलं. झाडं खात होती म्हणावं."

"बट काका…"

"सांग."

मी सांगितलं. अरबाब काकांकडे बघत राहिला. "झाडं परत आली असती," एवढंच म्हणून तो निघून गेला.

गाडी दिसेनाशी झाल्यावर काका उठले आणि त्यांनी ड्रायव्हरच्या कानाखाली अशी वाजवली की तो तारेवर जाऊन आपटला. त्याचा गाल फाटला.

"ऊठ. फावडं आण."

तो तिथेच, बोरीशेजारच्या मऊ मातीत खणायला लागला. काकांनी त्याची कॉलर धरून मागे ओढलं.

"आत खणायचं न्हाई."

दोघांनी शेळीला पाय धरून तारेखालून बाहेर काढलं. बाहेरच्या दगडासारख्या जमिनीवर ड्रायव्हर घाव घालत राहिला, गालावरचं रक्त शर्टाला पुसत. खड्डा होईपर्यंत काका शेळीच्या पोटावर हात ठेवून बसले होते.